ओळख काढणं म्हणजे वशिला लावणंच का?

रिकामी पाटी

अकरा वर्षं एकाच कंपनीत काढली. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, मी गुणवत्ता तपासणीत. दोन महिन्यांपूर्वी आमचा अख्खा विभाग बंद झाला आणि चौतीस माणसं एका दिवसात मोकळी झाली. कंपनीनं देणं चोख दिलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पहिल्याच आठवड्यात मी वही घेऊन बसले. नोकरीसाठी कोणाकोणाला विचारता येईल त्यांची नावं लिहिली. साठेक झाली. मग एकेक नाव वाचताना लक्षात आलं की त्यातली पन्नासएक माणसं त्याच कंपनीतली, आणि त्यांतली निम्मी माझ्यासारखीच नोकरी शोधतायत. आमचा ग्रुप आहे, त्यावर आम्ही एकमेकांना त्याच त्या जाहिराती पाठवत असतो. एका जागेसाठी आमच्यातल्याच नऊ जणांनी अर्ज केल्याचं नंतर कळलं.

ऑनलाइन सत्तरेक अर्ज टाकले. तीन ठिकाणांहून नकार आला, बाकी सगळीकडे शांतता.

भेटेल तो सांगतो, नेटवर्किंग कर. ते मनाला पटत नाही. वडील म्हणायचे, वशिल्यानं मिळालेल्या खुर्चीवर बसलं की मान वर करता येत नाही. ते शब्द इतके मुरलेत की 'माझ्यासाठी कुठे तरी शब्द टाका' हे वाक्य टाईप करते आणि पुसते.

माझे प्रश्न दोनच. ओळखीतून नोकरी शोधणं आणि वशिला लावणं यांत खरंच काही फरक आहे का? आणि असलाच, तर ज्यांची इतक्या वर्षांत साधी चौकशी केली नाही, त्यांना आज अडचणीच्या वेळी कोणत्या तोंडानं मेसेज करू?

शिडी

पाटीताई, मीही याच वळणावर आहे. नोटीस पिरियड संपायला वीस दिवस उरलेत. तुमचा दुसरा प्रश्न तर अगदी माझ्या मनातला. वाचतेय.

भरतीघर

मी चौदा वर्षं भरतीचं काम करते. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते, मग फरक आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

जागा रिकामी होणार हे जाहिरात येण्याच्या बरंच आधी कळलेलं असतं. कोणी तरी राजीनामा देतं, किंवा नवं काम येणार असतं. मॅनेजर पहिल्यांदा आपल्या टीमला विचारतो, 'कोणी आहे का माहितीतलं?' त्यात लबाडी नसते. त्याला घाई असते, आणि अनोळखी माणूस चुकीचा निघाला तर पुढचं वर्ष त्यालाच निस्तरावं लागतं. त्यानंतर जाहिरात लागते आणि एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. मी प्रामाणिकपणे सांगते, प्रत्येक अर्ज मी मन लावून वाचत नाही, वाचूच शकत नाही. पहिली चाळणी बऱ्याचदा सॉफ्टवेअर लावतं, मग माझी नजर काही सेकंद फिरते. ज्याच्यासोबत आतल्या कोणाची चिठ्ठी असते तो अर्ज मात्र मी शेवटपर्यंत वाचते. रेफरलनं मिळतं ते एवढंच. दार उघडत नाही, दारावरची घंटा ऐकू जाते.

आता वशिला. माझ्याकडे ज्या शिफारशी येतात त्यांचे सरळ दोन ढीग होतात. पहिल्यात असतं: 'माझ्या परिचयातले आहेत, जरूर पाहावं.' दुसऱ्यात असतं: 'तीन वर्षं यांच्यासोबत काम केलं. एकदा माल परत आला तेव्हा दोष आमच्याच मोजमापात आहे हे यांनी शोधलं आणि वरिष्ठांपुढे मांडलं.' पहिल्या चिठ्ठीत फक्त लिहिणाऱ्याचं वजन असतं. दुसरीत मला उमेदवार दिसतो. पहिलीला मी वशिला म्हणते, दुसरीला साक्ष.

शिफारस करणाऱ्यांना मी फोनवर नेमानं एक प्रश्न विचारते: 'उद्या तुमच्याच हाताखाली जागा निघाली तर यांना घ्याल?' उत्तराआधी जी क्षणभराची शांतता असते ती मी लिहून ठेवते. लोक खोटं बोलायला कचरतात, कारण त्यांचं नाव त्या माणसाला कायमचं चिकटणार असतं.

तेव्हा पाटीताई, 'शब्द टाका' असं कोणाला म्हणूच नका. तुमचं काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय त्यांना 'जे पाहिलंत ते सांगाल का' एवढंच विचारा. यात मान खाली घालण्यासारखं काय आहे?

तिसरा बाक

भरतीघर, तुम्ही मनापासून लिहिलंत, पण मला हे पटत नाही.

आमच्या घरात कचेरीत काम करणारा मी पहिला. शिकत असताना वर्गातल्या निम्म्या मुलांचे काका-मामा कुठे ना कुठे मोठ्या पदावर होते. कोणत्या कंपनीत काय चाललंय, बायोडेटात काय लिहायचं, इंटरव्ह्यूत काय विचारतात हे त्यांना घरबसल्या कळायचं. मला पहिल्या मुलाखतीत 'तुमचं एक्स्पेक्टेशन काय' म्हणाले तेव्हा ते पगाराविषयी विचारतायत हेसुद्धा समजलं नाही. मी कामाच्या अपेक्षा सांगत बसलो.

साक्ष म्हणा नाही तर वशिला, ती द्यायला आत कोणी तरी असावं लागतं. ज्याचं आत कोणीच नाही त्यानं काय करायचं? तुमच्या घंटेचं बटणच त्याच्या हाताला लागत नाही. माझं म्हणणं, सगळ्यांनी अर्ज करावा, सगळ्यांचे अर्ज सारखे वाचावेत, संपलं.

आकडेमोड

तिसरा बाक यांचा मुद्दा खरा आहे, त्याकडे येतोच. आधी पाटीताईंच्या वहीविषयी, कारण त्या वहीत जे दिसलं तेच पन्नास वर्षांपूर्वी एका समाजशास्त्रज्ञानं मोजलं होतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना विचारलं, ती बातमी देणारा माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटत असे? ५४ जणांची उत्तरं अशी: आठवड्यातून निदान दोनदा भेटणारा, ९ जण. वर्षातून एकदापेक्षा जास्त पण आठवड्यातून दोनदापेक्षा कमी, ३० जण. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, १५ जण. म्हणजे जिवलगांकडून खबर मिळालेले सहांतला एक. 'मित्रानं सांगितलं का' असं विचारलं की लोक त्यांनाच दुरुस्त करत, मित्र नव्हे, नुसती ओळख. हा लेख १९७३ साली छापून आला. त्याआधी १९६९ मध्ये दुसऱ्या एका नियतकालिकानं तो नाकारला होता.

कारण साधं आहे. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना जे ठाऊक ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. पाटीताईंच्या ग्रुपवर तीच ती जाहिरात फिरते ती यामुळेच. जीव लावणारी माणसं कमी पडली असं मुळीच नाही, ती सगळी एकाच खिडकीतून बाहेर पाहतायत. वर्षातून एकदा भेटणारा माणूस वेगळ्या खिडकीत उभा असतो.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचीच फार मोठी चाचणी आली. लिंक्डइनवर 'तुम्ही यांना ओळखत असाल' अशी नावं सुचवली जातात ना, त्या सुचवण्यात फेरफार करून २०१५ ते २०१९ या काळात २ कोटींहून अधिक लोकांवर प्रयोग झाले. विरळ ओळखींमुळे नोकरी बदलण्याची शक्यता वाढते हे त्यात पुन्हा दिसलं. पण एक बारकावा नवा होता. अगदीच नाममात्र ओळख फारशी कामाची नाही. थोडेफार सामाईक परिचित असलेली, मध्यम-विरळ ओळख सगळ्यात उपयोगी. त्यामुळे दिसेल त्याला रिक्वेस्ट पाठवून हजारो जोडण्या करत बसू नये, असं माझं मत आहे.

आता अर्ज सारखे वाचण्याबद्दल. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बर्ट्रांड आणि मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट बायोडेटा पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं काही गोऱ्यांची वाटणारी, काही कृष्णवर्णीयांची वाटणारी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना जवळपास ५० टक्के जास्त फोन आले. ओळख नसलेला अर्जही कोऱ्या मनानं वाचला जातोच असं नाही, तिसरा बाक.

तिसरा बाक

हे माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पण यावरून ओळखीचा रस्ता न्याय्य ठरतो असंही नाही ना? दोन्ही रस्ते वाकडे आहेत एवढंच ठरतं.

भरतीघर

बरोबर बोललात. आणि मला इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे.

सहा-सात वर्षांपूर्वी मी एक टीम जवळजवळ पूर्ण रेफरलवर भरली. पहिला माणूस फार चांगला निघाला, त्यानं आपल्या कॉलेजातले दोन आणले, त्यांनी आणखी तीन. जागा पटापट भरल्या, माझं कौतुक झालं. वर्षभरानं एका मोठ्या कामात हिशेबाची पद्धतच चुकली, आणि सहाच्या सहा जणांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. सगळे एकाच वर्गात, एकाच पद्धतीनं शिकलेले. पुढे पहिला सोडून गेला तेव्हा तीन महिन्यांत त्याच्यामागून चार गेले. आणि जाहिरात नीट न केल्यामुळे जे कधी आलेच नाहीत त्यांचा तर हिशेबच नाही. तिसरा बाक, त्यांत तुमच्यासारखे कितीजण असतील हा विचार मला आजही छळतो.

तेव्हापासून माझे नियम बदलले. रेफरल आला तरी जाहिरात लावायचीच आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायची. चिठ्ठीमुळे अर्ज वाचला जाईल, त्यापुढे काही नाही. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्यक्ष कामाचा छोटा नमुना सगळ्यांकडून करून घ्यायचा. मुलाखत घेणाऱ्या तिघांनी आपापसांत बोलण्याआधी गुण लिहून टाकायचे, कारण एकदा वरिष्ठानं 'मुलगा बरा वाटतो' म्हटलं की बाकीच्यांचे पेन तिकडेच झुकतात. आणि ज्यानं शिफारस केली तो मुलाखतीच्या खोलीत नको.

हे माझ्या मनचं नाही. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं होतं. माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधायला कामाचा नमुना आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत चांगल्या पद्धतींमध्ये मोडतात. नुसती अनुभवाची वर्षं मोजणं मात्र फार कमी सांगतं. तरी निम्म्या जाहिरातींची सुरुवात 'किमान इतकी वर्षं' इथूनच होते, त्याचं मला दुःख होतं.

ज्याचं आत कोणी नाही त्यानं काय करायचं, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्यासारख्यांनी द्यायचं आहे. ते उमेदवाराच्या गळ्यात घालू नये.

मितभाषी

उरलेलं अर्धं मी माझ्या अनुभवातून लिहितो. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. परिषदांना गेलो की चहाच्या वेळी भिंतीला टेकून उभा. ओळखी केल्या त्या सगळ्या लिहून.

मी एक ठरवलं होतं, नोकरी मागायची नाही, माहिती विचारायची. आणि प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला उत्तर द्यायला पाच-दहा मिनिटांवर वेळ लागू नये. माझा मेसेज साधारण असा असे:

'नमस्कार. गेल्या वर्षीच्या कार्यशाळेत तुम्ही गंजरोधक लेपावर बोलला होतात, मी मागच्या रांगेत होतो. तुम्ही सांगितलेली पद्धत आमच्याकडे वापरून पाहिली, दमट हवेत निकाल बदलतो असं दिसलं. मी आता या क्षेत्रात पुढे जायचा विचार करतोय. तुमच्या कामात रोज सर्वांत जास्त वेळ कशात जातो हे समजून घ्यायचं आहे. दहा मिनिटं फोनवर बोलू शकाल का? जमत नसेल तरी हरकत नाही, तुमच्या भाषणाचा उपयोग झाला हे कळवायचं होतंच.'

शेवटचं वाक्य मी मनापासून लिहीत असे, आणि मला वाटतं ते वाचणाऱ्याला कळतं. 'जमत नसेल तरी हरकत नाही' म्हटलं की त्यालाही ओझं वाटत नाही. ज्यांनी वेळ दिला त्यांना महिना-दोन महिन्यांनी कळवायचं, तुम्ही म्हणालात ते करून पाहिलं, असं झालं. बहुतेक लोक इथेच चुकतात. सल्ला घेतात आणि गायब होतात.

तिसरा बाक, माझंही आत कोणी नव्हतं. जे होतं ते मागच्या रांगेत बसून घेतलेल्या टिपणांमधून झालं. माझ्यासारख्याला ते जमलं म्हणजे सगळ्यांना जमेल, असा दावा करत नाही.

जुनी वही

पाटीताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर. इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडानं, असं वाटतं खरं. पण स्वतःला उलट विचारून पाहा. आठ वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्याचा आज तुम्हाला मेसेज आला, 'नोकरी शोधतोय, एक विचारायचं होतं', तर तुम्हाला राग येईल? मला तर बरं वाटतं, आपली आठवण ठेवली म्हणून.

२०११ मध्ये लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निघन यांनी हे तपासलं होतं. काही व्यवस्थापकांना सांगितलं, निदान ३ वर्षं संपर्क नसलेल्या जुन्या परिचितांना गाठा आणि सध्याच्या कामावर सल्ला विचारा. त्या विसरल्यासारख्या ओळखींतून मिळालेला सल्ला मौल्यवान ठरला. विश्वास जुना शाबूत असतो आणि मधल्या वर्षांत त्या माणसानं वेगळं जग पाहिलेलं असतं.

फक्त एक करा. उगाच 'कसे आहात, घरचे कसे आहेत' असं चार दिवस घोळवून पाचव्या दिवशी कामाचं काढू नका. पहिल्याच मेसेजमध्ये खरं ते सांगा.

शिडी

इथलं वाचून मी लिंक्डइनवर 'नोकरीच्या शोधात' असं टाकलं. दुसऱ्याच दिवशी एका भरती करणाऱ्याचा मेसेज आला. जागा पक्की आहे, फक्त नोंदणी आणि कागदपत्र तपासणीचे पैसे आधी भरा म्हणे. कंपनीचं नाव नामांकित आहे. भरतीघर, असं असतं का?

भरतीघर

शिडी, एक पैसाही भरू नका. माणूस शोधून देण्याचे पैसे कंपनी देते, उमेदवार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात हेच मूळ तत्त्व आहे, खासगी भरती संस्थेनं उमेदवाराकडून थेट किंवा आडमार्गानं शुल्क घेऊ नये. त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा, मेसेजमधल्या नंबरवर नाही. ओळखपत्राची छायाप्रतही इतक्यात देऊ नका.

शिडी

विचारलं. अशी जागाच नाही म्हणाले. खूप आभार.

रिकामी पाटी

साडेतीन आठवड्यांनी येतेय.

वही पुन्हा काढली आणि या वेळी जवळच्यांची नावं झाकून ठेवली. अकरा वर्षांत वर्षातून एक-दोनदा कोण भेटायचं ते आठवत गेले. ऑडिटला येणारे, मोजमापाची उपकरणं तपासून देणारे, माल पुरवणाऱ्यांकडचे तपासनीस, सोडून गेलेले दोन प्रशिक्षणार्थी. बारा जणांना मेसेज केले, सुरुवातच 'आमचा विभाग बंद झालाय' अशी. सात जणांनी उत्तर दिलं. एकानं तर पाच मिनिटांत फोन केला.

नोकरी कोणीच दिली नाही. पण आमच्याकडे वर्षातून एकदा ऑडिटला येणारे एक गृहस्थ अर्धा तास बोलले. त्यांनी माझ्या रोजच्या कामाची यादी विचारली आणि म्हणाले, 'अहो, तुम्ही जे करत होता त्याला आमच्याकडे सप्लायर क्वालिटी म्हणतात, तुम्ही कोणत्या नावानं शोधताय?' मी दोन महिने 'इन्स्पेक्टर' या शब्दावर शोधत होते! आमच्या कंपनीत माझं पद तेच होतं. नवा शब्द टाकल्यावर जाहिरातींचं वेगळंच पान उघडलं. बायोडेटात काम तेच ठेवलं, भाषा बदलली. सहा अर्ज, दोन ठिकाणी मुलाखत. एका ठिकाणी कामाचा नमुना म्हणून सदोष भागांचा अहवाल लिहायला दिला होता. तो लिहिताना पहिल्यांदाच वाटलं की मला हे येतं. निकाल यायचा आहे.

वडिलांच्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या गृहस्थांशी बोलून फोन ठेवला तेव्हा मान खाली नव्हती.

आता एक काम आहे. आमच्या विभागातला सर्वांत तरुण मुलगा, त्याचंही आत कोणी नाही, तिसरा बाक यांच्यासारखंच. मुलाखतीत मला कळलं की त्याच्याजोगी एक जागा तिथे निघतेय. त्याच्यासाठी लिहिलंय, भरतीघर, जरा बघाल?

'हा माझ्या विभागात अडीच वर्षं होता. अतिशय मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्याची आवड असलेला आहे. आपण त्याला एक संधी द्यावी ही विनंती. तो आपल्याला निराश करणार नाही.'

भरतीघर

पहिलं वाक्य ठेवा. बाकीची तीन काढा, ती कोणाविषयीही लिहिता येतात. त्यानं केलेलं आणि तुम्ही पाहिलेलं एक काम आठवा.

रिकामी पाटी

'हा माझ्या विभागात अडीच वर्षं होता. रात्रपाळीत एकाच यंत्राचे भाग जास्त नाकारले जात. यानं कोणी न सांगता तीन आठवडे दर तासाचं तापमान लिहून काढलं आणि दोष यंत्रात नसून मोजपट्टीत असल्याचं दाखवलं. आम्ही मोजपट्टी ठेवण्याची जागा बदलली, प्रश्न संपला. इंग्रजी बोलताना अडखळतो, अहवाल मात्र नेटका लिहितो. माझ्या हाताखाली जागा असती तर मी त्याला घेतलं असतं.'

भरतीघर

आत्ता पाठवा. आणि त्याला सांगून ठेवा की तुम्ही हे लिहिलंय. तापमानाची ती वही अजून असेल तर मुलाखतीला सोबत ने म्हणावं.

रिकामी पाटी

पाठवलं. वही आहे त्याच्याकडे, आत्ताच विचारलं.